कडब्याची गंजी उघड्यावर रचताना

रब्बी ज्वारीचा कडबा उन्हाळ्याच्या तोंडी हाती येतो आणि पावसाळाभर पुरवावा लागतो. गंजी खराब झाली की दोष ताडपत्रीला दिला जातो. पण बहुतेक वेळा आधी काळ्या पडतात त्या तळच्या पेंढ्या, कारण ओल जमिनीतून चढते.

म्हणून पाणी न साचणारी उंच जागा निवडावी. दगडांवर लाकडे आडवी टाकून तुराट्यांचा थर द्यावा आणि भोवती चर काढावा. पऱ्हाट्या मात्र टाळाव्यात, त्यात गुलाबी बोंडअळी टिकून राहते. गंजी विजेच्या तारांखाली नको.

कडब्यातील ओलावा 15 टक्क्यांच्या आत हवा. ताट वाकवल्यावर कट्कन मोडले पाहिजे. पेराशी नुसते वाकत असेल तर पेंढ्या आणखी वाळवाव्यात. ओला कडबा रचला तर गंजी आतून तापते, बुरशी धरते, क्वचित पेटही घेते. सुरुवातीचे काही आठवडे आत हात घालून पाहावे. ऊब लागली तर गंजी लगेच उकलावी.

रचताना मधला भाग सतत उंच ठेवावा, म्हणजे पेंढ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या राहतात. माथा छपरासारखा करून त्यावरच ताडपत्री ताणावी. बाजू मोकळ्या सोडाव्यात. पूर्ण गुंडाळल्यास आतली वाफ अडकते.

बुरशी लागलेली पेंढी चांगल्या वैरणीत मिसळून खपवू नये. काही बुरशींचे विष दुधातही उतरते. अशी पेंढी उकिरड्यात टाकावी.