जीपगाडीचा काळा धूर

जुन्या जीपगाडीच्या सायलेन्सरांतून काळा धूर निघूं लागला, पेट्रोलचा वास बैठकीपर्यंत येऊं लागला आणि टांकी पूर्वीपेक्षां लवकर रिकामी होऊं लागली, म्हणजे मालकाचा पहिला तर्क बहुधा असा होतो कीं, इंजिन म्हातारें झालें. आतां तें खोलून नव्या रिंगा व पिस्टन घातल्यावांचून गत्यंतर नाहीं. हा तर्क पुष्कळ वेळां चुकीचा ठरतो, आणि तोंपर्यंत खिशास मोठी झळ बसलेली असते. काळा धूर एवढेंच सांगतो कीं, पेट्रोल नीट जळत नाहीं व बहुधा वाजवीपेक्षां अधिक जात आहे. रिंगा झिजल्या असत्या, तर तेल जळून धूर निळसर आला असता.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं विलीज कंपनीनें बांधलेल्या जीपचें इंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २.२ लिटर मापाचें व ६० अश्वशक्तीचें होतें. पुढें महिंद्र कंपनीनें परवाना घेऊन मुंबईस तशाच जातीच्या गाड्या तयार केल्या, व त्यांतील कांहीं हौशी लोकांनीं आजही जपून ठेविल्या आहेत. ह्या गाड्यांत पेट्रोल मोजून देणारा संगणक नाहीं. तें काम एकटा कार्ब्युरेटर करितो. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा मिळाली, म्हणजे ज्वलन पुरतें होतें. हवा कमी पडली किंवा पेट्रोल वाढलें कीं मिश्रण दाट होतें. गॅरेजमध्यें ह्यालाच ‘गाडी रिच चालते’ असें म्हणतात.

पहिली साक्ष स्पार्क प्लगांची घ्यावी. गाडी कांहीं मैल चालवून इंजिन बंद करावें, प्लग हाताळण्याइतके निवूं द्यावे आणि चारही काढून ओळीनें मांडावे. निरोगी इंजिनाच्या प्लगाचें टोंक फिकट तपकिरी असतें. चारही टोंकांवर कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल, तर दोष चौघांना सामाईक अशा जागीं, म्हणजे हवेच्या वाटेंत किंवा कार्ब्युरेटरांत आहे. एकच प्लग काळा असेल, तर कार्ब्युरेटरास हात लावूं नये. त्या प्लगाची किंवा त्याच्या तारेची चौकशी करावी. ठिणगी दुबळी असली तरी न जळलेलें पेट्रोल काजळी धरितें, म्हणून डिस्ट्रिब्यूटरांतील पॉइंट व कंडेन्सरही पाहून ठेवावे.

त्यानंतर चोक. बटण आंत ढकललें म्हणजे चोक उघडला, असें चालक समजतो. परंतु आंतली तार गंजून अडकली, तर बटण आंत जातें आणि झडप अर्धवट मिटलेलीच राहते. यास्तव बटणावर विश्वास न ठेवतां वरचें झांकण काढून झडप उभी राहते कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें.

एअर क्लीनरही त्याच वेळीं तपासावा. जीपमध्यें तो तेलाच्या वाटीचा असतो. धूळ तेलांत बसून चिखल होतो, किंवा कोणी उदारपणें खुणेच्या वर तेल ओततो, आणि हवेची वाट अडते. धूळ नसलेल्या जागीं क्लीनर काढून इंजिन दोन मिनिटें चालवावें. धूर निवळला तर अपराधी सांपडला.

तरीही धूर राहिला, तर बहुतेक वेळां दोष फ्लोटच्या कोठींत सांपडतो. घरांतील पाण्याच्या टांकींत जसा तरंगता गोळा पाणी चढल्यावर नळ बंद करितो, तसाच येथें पितळेचा फ्लोट एका बारीक सुईनें पेट्रोलची वाट बंद करितो. सुईच्या बैठकीवर कचऱ्याचा कण बसला, बैठक झिजली किंवा फ्लोटला भोंक पडून तो जड झाला, तर पातळी वाढते आणि पेट्रोल आपोआप नळींतून गळूं लागतें. तपासणी सोपी आहे. तापलेलें इंजिन बंद करून विजेच्या बॅटरीच्या उजेडांत (काडी ओढून कदापि नव्हे) कार्ब्युरेटरच्या घशांत पाहावें. थेंब पडत असतील तर पातळी वर आहे. फ्लोट काढून कानाजवळ हलवावा, आंत पेट्रोल असेल तर खळखळतें. गरम पाण्यांत बुडविला तर भोंकांतून बुडबुडे येतात. तो डाख लावून बुजवितां येतो, पण आंतील पेट्रोल पूर्ण काढल्यावरच, आणि डाखही थोडाच, कारण डाखाच्या वजनानें फ्लोट पुन्हा जड होतो. मूळ पंपाच्या जागीं अधिक दाबाचा विजेचा पंप बसविलेला असेल, तर निर्दोष सुईसुद्धां त्या दाबापुढें हार खाते.

मूळच्या कार्टर कार्ब्युरेटरांत मुख्य जेटमध्यें वर-खाली होणारी एक बारीक काडी असते. ती व जेट वर्षानुवर्षें घासून झिजले, तर वाट रुंदावते. ही तपासणी जाणत्या मेस्त्रीवर सोंपवावी. मात्र जो मेस्त्री प्रथमच बाजूचा लहान स्क्रू फिरवूं लागतो, त्यास थांबवावें. तो स्क्रू मुख्यतः गाडी उभी असतांना मंद चालणाऱ्या इंजिनाचें मिश्रण ठरवितो. धांवत्या गाडीचा धूर त्यानें जात नाहीं, उलट मूळची खूण मात्र हरवते.

महाबळेश्वरासारख्या सुमारें ४,५०० फूट उंचीच्या जागीं हवा समुद्रकांठापेक्षां साधारण अष्टमांशानें विरळ असते, म्हणून तेथें मिश्रण थोडें दाट होणें हा दोष नव्हे. २०२५ सालीं भारतांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलें, त्यानें मिश्रण उलट पातळ होतें. पण तेंच इथेनॉल जुन्या टांकींतील मळ सोडवून सुईकडे पाठवितें आणि जुनें रबर खातें.

हा दोष पुढें ढकलणें मात्र परवडत नाहीं. जास्तीचें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खालीं उतरतें, आणि मग रिंगा खरोखरच झिजूं लागतात. पट्टी काढून पाहावी. तेलाची पातळी आपोआप चढलेली असेल व त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी आणखी चालवूं नये. दाट मिश्रणाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायु पुष्कळ असतो, तेव्हां ह्या साऱ्या परीक्षा मोकळ्या हवेंत कराव्या. गॅरेजचें दार बंद करून इंजिन चालविल्यास माणूस कळण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो.

दोष दूर झाल्यावर पेट्रोल मिसळलेलें तेल बदलावें, प्लग स्वच्छ करून बसवावे, आणि वीस-पंचवीस मैलांनंतर ते पुन्हा काढून टोंकांचा रंग पाहावा.