चार पिढ्या, एक गाडी : घरातल्या सगळ्यांना घेऊन केनियाची सफारी



या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी आम्हा दोघांना विचारलं, "तुम्ही आईंना घेऊन आफ्रिकेला गेला होतात ना, त्यावर बोलाल का?" आम्ही हो म्हटलं, पण एका अटीवर. फोटो दाखवणार नाही. सिंहाचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, आणि ते आमच्यापेक्षा नक्कीच चांगले आहेत. आज बोलायचंय ते वेगळं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची पणजी आणि सात वर्षांचा पणतू एकाच गाडीत बसून जंगल बघणार असतील, तर ती सहल आखायची कशी? त्यात आमचं काय चुकलं, तेही सांगणार आहोत. किंबहुना चुकीपासूनच सुरुवात करू.

ही सहल मुळात काकांच्या डोक्यातली. काका म्हणजे आईंचे धाकटे दीर, वय एकाहत्तर. टीव्हीवर प्राण्यांचा कार्यक्रम लागला की काका जेवायला उठत नाहीत. त्यांनी वर्षभर धोशा लावला, तेव्हा आम्ही कामाला लागलो. काका, आई, आम्ही दोघं, लेक, जावई आणि नातू, अशी सात जणांची विमानाची तिकिटं काढली. स्वस्त मिळाली म्हणून पैसे परत न मिळणारी काढली. आणि त्यानंतर लशीची चौकशी केली. इथेच चुकलो.

केनियाला जायचं तर पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस लागते. हा डासांमुळे पसरणारा रोग. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास मात्र आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास, तोच हा. म्हणून आपलं सरकार याबाबतीत कडक आहे. केनियाहून परतताना लशीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. ती घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालतं.

आता महत्त्वाचा भाग. ही जिवंत विषाणूची लस आहे. विषाणू दुबळा केलेला असतो, पण जिवंत असतो. त्यामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांना ती देत नाहीत. काकांना संधिवात आहे आणि त्यासाठी ते नेमकी तशीच औषधं घेतात. डॉक्टरांनी कागद बघितले आणि स्पष्ट सांगितलं, "यांना लस देता येणार नाही." औषधं बंद करून जाणं हाही मार्ग नव्हता.

आईंचंही सहज झालं नाही. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. प्रमाण फार कमी आहे, पण जास्त आहे हे खरं. म्हणून डॉक्टरांनी त्यांची सगळी तपासणी केली, आमच्याशी आणि मुख्य म्हणजे आईंशी बोलले, आणि मग होकार दिला.

काकांच्या तिकिटाचे पैसे गेले. ते सोसलं. पण त्या संध्याकाळी काकांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. सहल रद्द करू म्हटलं तर तेच रागावले. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आले, आईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, रोजचं लिहून आणा. आळस नको."

तर मंडळी, पहिला नियम लिहून घ्या. आधी डॉक्टर, मग तिकीट. घरातल्या प्रत्येकाची औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही तेव्हाच विचारा, कारण लहान मुलांना त्या वजनाप्रमाणे द्याव्या लागतात.

दुसरा प्रश्न, जायचं कधी? इथे आपली पंचाईत होते. आपली शाळेची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि केनियात साधारण मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत जावं, तर तेव्हा छोटा पाऊस सुरू व्हायची वेळ. विल्डबीस्टचे प्रचंड कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा आपल्या शाळा भर जोरात. आम्ही मधली वाट काढली. जूनचा पहिला आठवडा. पाऊस ओसरलेला असतो आणि आपली शाळा उघडायची असते.

यात काय गमावलं? नदी ओलांडणारे कळप दिसले नाहीत, जूनमध्ये ते बहुतेक खाली टांझानियात सेरेंगेटीतच असतात. गवतही उंच होतं, प्राणी शोधायला वेळ लागायचा. आणि काय मिळालं? मसाई मारामध्ये परदेशी प्रौढाचं प्रवेशशुल्क २०२४पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आहे आणि जुलै ते डिसेंबर २००. म्हणजे निम्म्यात काम झालं. गर्दीही कमी. शिवाय नदीकाठी कळप उतरायची वाट बघत गाडीत तासन्‌तास बसावं लागतं. आईंच्या कमरेला ते झेपलं नसतं.

तिसरा प्रश्न, किती ठिकाणं? आम्हाला आधी जो कार्यक्रम मिळाला होता, त्यात सात दिवसांत पाच अभयारण्यं होती. कागदावर छान दिसतं. पण नकाशा काढून तास मोजा. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास. नैरोबी ते मसाई मारा पाच-सहा तास, आणि त्यातला शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करणारा. आम्ही पाचाची तीन केली. अंबोसेलीत तीन रात्री, मारामध्ये तीन रात्री आणि मध्ये नैवाशा तलावाकाठी दोन. नैवाशा कशाला, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. तिथे तलावात क्रेसेंट आयलंड म्हणून जागा आहे. शिकारी प्राणी नाहीत, त्यामुळे झेब्रे आणि जिराफांच्या आसपास पायी फिरता येतं. जंगलात गाडीतून उतरायला मनाई असते. सात वर्षांच्या पोराला तीन दिवस गाडीत कोंडल्यावर चौथ्या दिवशी पळायला जागा द्यावीच लागते. परतताना मारापासून नैरोबीच्या विल्सन विमानतळापर्यंत छोट्या विमानाने आलो. पाऊण तास. त्यात माणशी पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. ठोकळ्यासारखी सूटकेस घरीच ठेवा.

सामानावरून आठवलं. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७पासून बंदी आहे, आणि २०२०पासून अभयारण्यांमध्ये एकदाच वापरायचं प्लॅस्टिकही चालत नाही. आपण लाडू-चिवडा कशात भरतो? आईंनी सगळं स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरलं, त्यांच्या जुन्या पद्धतीने. आमच्यापैकी कुणाला नव्याने शिकावं लागलं असेल, त्यांना नाही. आणि गरम कपडे न्या. आफ्रिका म्हणजे उकाडा ही आपली समजूत. मारा दीड हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. पहाटे उघड्या छताच्या गाडीत कानटोपी आणि शाल लागतेच.

गाडी स्वतंत्र घ्या. पैसे वाचवायचे तर खोलीत वाचवा, गाडीत नको. अनोळखी लोकांबरोबर गाडी वाटून घेतली, तर आईंची पाठ दुखली म्हणून परत फिरता येत नाही, आणि नातवाला लघवीला लागली तर सगळे घड्याळ बघतात. म्हाताऱ्या माणसाला मधली रांग आणि खिडकी द्या. मागची सीट चाकांवर येते, तिथे गचके जास्त बसतात. गाडी उंच असते, म्हणून आम्ही चढायला एक छोटं स्टूल बरोबर ठेवलं होतं. आणि खोली जेवणघराजवळची मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी कुंपण नसतं, अंधार पडल्यावर रखवालदार सोबतीला आल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नसतं.

आमचा चालक हाच वाटाड्या होता. मूळचा शेतकरी घरातला, तिशीतला. पहिल्याच दिवशी त्याने आईंना "मामा" अशी हाक मारली. आमचा नातू हसून लोळायचा बाकी! "पणजीला मामा म्हणतो!" स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई, आणि मोठ्या बायकांना आदराने तसंच म्हणतात. मग आईंनी त्याच्याकडून एकेक शब्द गोळा केले. चहाला चाय, चपातीला चपाती, गाडीला गारी. वहीचं पहिलं पान याच शब्दांनी भरलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

अंबोसेलीतल्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीनंतर आईंची कंबर धरली. दुपारची फेरी त्यांना नको होती. आम्ही आपसात बोललो, आणि खरं सांगतो, मनात आलं की आणायला नको होतं. नातूही कंटाळला होता. त्या दोघांना लॉजच्या व्हरांड्यात बसवून, आमच्या लेकीला त्यांच्याजवळ ठेवून, आम्ही तिघं गेलो. अडीच तास फिरलो. लांबून एक तरस दिसला, बाकी धूळ.

परत आलो तर नातू ओरडतच आला. लॉजसमोरच्या दलदलीत हत्तींचा कळप दुपारभर होता. पणजी-पणतूने सव्वीस मोजले होते. आईंनी वहीत लिहिलं होतं : एक म्हातारी हत्तीण पुढे असते. ती थांबली की सगळे थांबतात. ती वळली की सगळे वळतात. पिल्लं मध्ये.

रात्री वाटाड्याने ते वाचून घेतलं आणि म्हणाला, मामांनी बरोबर पाहिलं. अंबोसेलीत १९७२पासून सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी हत्तींचा अभ्यास करतायत. कानांच्या कडांवरून एकेक हत्ती ओळखतात. हत्तींचं कुटुंब म्हणजे माद्या आणि पिल्लं, नर वयात आले की कुटुंब सोडतात. आणि म्होरकी असते ती बहुधा सगळ्यात वयस्क मादी. तिच्या म्हातारपणाचा उपयोग काय, हेही शास्त्रज्ञांनी तपासलंय. अंबोसेलीतल्याच हत्तींना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, तेव्हा असं दिसलं की वयस्क म्होरकी असलेले कळप ओळखीचा हत्ती कोण आणि परका कोण हे जास्त अचूक ओळखतात. उगीच घाबरत नाहीत. टांझानियातल्या तारांगिरेमध्ये १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. जे कळप अभयारण्य सोडून दुसरीकडे पाण्या-चाऱ्याला गेले, त्यांची पिल्लं कमी दगावली. अभ्यासकांचा अंदाज असा की त्या कळपांतल्या वयस्क माद्यांनी १९६०च्या सुमाराचा जुना दुष्काळ पाहिलेला होता. कुठे जायचं ते त्यांना आठवत असावं.

आता तुम्ही म्हणाल, हत्तींवरून माणसांना उपदेश करू नका. नाही करत. हत्ती हत्ती आहेत. पण आमचा कार्यक्रम त्या रात्री बदलला हे खरं. तोवर आम्ही आईंना सांभाळत होतो. म्हणजे त्या एक जबाबदारी होत्या, जपून न्यायचं सामान. दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, दिवसाला एकच फेरी सगळ्यांनी मिळून, पहाटेची. दुपार बसून काढायची. आणि गाडी कुठे थांबवायची हे आईंनी आणि नातवाने ठरवायचं.

त्याचं फळ मारामध्ये मिळालं. एका सकाळी इंपाला हरणांचा घोळका दिसला. आम्ही म्हटलं, हरणं काय, पुढे चला. आई म्हणाल्या, "थांबा. सगळ्या एकीकडे बघतायत." आईंचं माहेर जुन्नरकडचं. तिथे बिबट्या नवा नाही. लहानपणी शेळ्या अशा एकाच दिशेला बघायला लागल्या की पोरांना घरात घ्यायचे, हे त्यांनी पाहिलेलं. वाटाड्याने इंजिन बंद केलं. वीस मिनिटं कुणी बोललं नाही, नातूसुद्धा. मग ओढ्याकाठच्या झाडावरून बिबट्या उतरला, गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. एकूण अर्धा मिनिट.

फोटो नाही आला. सगळे बघत राहिलो.

तर मंडळी, थोडक्यात सांगायचं तर असं. सहलीचा वेग ठरवायचा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाच्या चालीने. मधल्या वयाच्या आपल्यासारख्यांना वाटतं, यात आपलं नुकसान होतं, कमी बघून होतं. आमचा अनुभव उलटा आहे. घाई आम्हाला होती, दिसत त्यांना होतं.

परत आल्यावर आई वही घेऊन काकांकडे गेल्या. एकशे बारा पानं भरली होती, त्यातली काही नातवाच्या चित्रांनी. काकांनी दोन दिवस वाचली. मग आले आणि म्हणाले, "वहिनी, सव्वीस हत्तींत पिल्लं किती ते लिहिलं नाही तुम्ही." आईंना सांगता येईना. नातवाला फोन लावला. तो म्हणाला, सात.

काकांनी पेन काढलं आणि वहीत सात लिहिलं.