प्रतिकारशक्तीची समजूत घालताना

मैत्रिणींनो, मधुमेह म्हटलं की आपल्याला बिनसाखरेचा चहा पिणारे आजोबाच आठवतात. पण आमच्या मंडळाच्या शिबिरात आठ-नऊ वर्षांची मुलंही येतात. रोजची चार-चार इंजेक्शनं. त्यांच्या आया एकच विचारतात, "ताई, यातून कायमची सुटका नाही का हो?"

या मुलांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. आईनं गोड खाऊ घातलं म्हणून नव्हे! (हे वाक्य सासूबाईंनाही वाचून दाखवा.)

मग दुसऱ्याच्या पेशी घातल्या तर? २००० साली कॅनडातल्या एडमंटनला डॉ. जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी मरणोत्तर दान केलेल्या स्वादुपिंडांतल्या पेशींचे पुंजके सात रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडले. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पण एकेकाला दोन-तीन दात्यांच्या पेशी लागल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मागं लागली, आणि पुढच्या पाच वर्षांत अशा बहुतेक रुग्णांना पुन्हा इन्सुलिन घ्यावंच लागलं. ती औषधं म्हणजे राखणदाराला गुंगी देणं. चोरही मोकळे, जंतुसंसर्गाची भीती कायमची.

त्यापेक्षा 'ही घरचीच माणसं' असं राखणदारालाच पटवलं तर? डॉक्टर याला 'सहनशीलता' म्हणतात. आपल्याला हा शब्द जरा जास्तच ओळखीचा! पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भात परक्या उंदरांच्या पेशी सोडल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या अंगावर त्याच जातीच्या उंदरांची कातडी टिकली. मोठ्या माणसाची समजूत घालणं मात्र अवघड. शिवाय इथं शरीराचं या पेशींशी जुनंच वैर.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या डॉक्टरांनी निराळी वाट धरली. पेशींची जनुकंच अशी बदलली की राखणदाराला त्या दिसूच नयेत. ३७ वर्षं मधुमेह असलेल्या एका माणसाच्या हाताच्या स्नायूत त्या टोचल्या. २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की बारा आठवड्यांनीही पेशी जिवंत आहेत, इन्सुलिन बनवताहेत, तेही गुंगीच्या औषधाशिवाय! मात्र मात्रा मुद्दामच थोडी होती. त्याची इंजेक्शनं सुटली नाहीत. आणि रुग्ण एकच.

हे सगळं सांगायचं कारण, एक आई स्टेमसेलनं मधुमेह घालवण्याची जाहिरात घेऊन आली. पाटल्या मोडायची तयारी! मी तिला दोन प्रश्न लिहून दिले. परक्या पेशी टिकायला कोणती औषधं, किती वर्षं? आणि हा प्रयोग असेल, तर पैसे आम्ही का द्यायचे? फोनवरचा माणूस पहिल्याच प्रश्नाला अडखळला म्हणे. पाटल्या हातातच आहेत.