कर्ण्यातली घूं आणि रेक्टिफायर व्हॉल्व्ह

धुळे-जळगावकडच्या एका शाळेच्या अडगळीत व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर सापडला. तो लावला, तर कर्ण्यातून सतत घूं येत होती आणि आवाज बसका. 'रेक्टिफायर व्हॉल्व्ह भारी टाका, आवाज खुलेल,' असे एका हौशी माणसाने सांगितले. आम्ही ५वाय३ काढून जीझेड-३४ बसवला. आवाज थोडा चढला, घूं मात्र तशीच!

असे का? रेक्टिफायरमधून गाणे जातच नाही. घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. रेक्टिफायर त्याला एकाच दिशेने वाट देतो. फ्लेमिंगच्या १९०४च्या डायोडचेच हे काम. दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला आल्या की सेकंदाला १०० उंचवटे होतात. ते सपाट करतो कंडेन्सर, म्हणजे आपल्या पुस्तकातला धारित्र. तो वर्षानुवर्षे पडून सुकला की उंचवटे कर्ण्यापर्यंत पोचतात.

आवाज चढला तो दाबामुळे. व्हॉल्व्ह स्वतःच काही दाब खातो. ५वाय३ १२५ मिलिअँपिअरला ५०-६० व्होल्ट खातो. जीझेड-३४ २२५ मिलिअँपिअरलाही सतराच्या आसपास. उरलेला दाब पुढच्या व्हॉल्व्हना मिळतो. ते जोरात बोलतात, पण तापतातही, आणि त्यांचे आयुष्य घटते. शिवाय तबल्याच्या जोरदार थापेला प्रवाह वाढला की ५वाय३चा दाब जास्त उतरतो आणि आवाज किंचित दबतो. काहींना हा दबलेपणाच गोड वाटतो. ही आवडीची बाब.

खानदेशात आणखी एक गोष्ट पाहावी. रावेर-यावलकडे केळीच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि २३०चा दाब १८४वर आला, तर ५ व्होल्टचा तंतू ४ व्होल्टवरच तापतो. इलेक्ट्रॉन कमी सुटतात, वरचा दाबही पाचव्या हिश्श्याने घटतो. तेव्हा बसक्या आवाजाला व्हॉल्व्ह नव्हे, लाइन जबाबदार! आधी मीटर लावा.

कंडेन्सर बदलतानाही हात आखडता हवा. ५वाय३ नंतरचा पहिला कंडेन्सर साधारण २० मायक्रोफॅरडपर्यंतच चालतो. फार मोठा टाकला तर तो भरताना झटकन ओढलेला प्रवाह व्हॉल्व्हला झेपत नाही. आणि बटण बंद केल्यावरही त्यात ३००हून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात. विद्यार्थ्यांनी पेटी उघडू नये. हे काम जाणत्या कारागिराचे.

आम्ही कारागिराकडून कंडेन्सर बदलून घेतला, ५वाय३ परत जागेवर गेला. घूं थांबली.