शंख आधी, मासा नंतर

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या तळाशी काही ठिकाणी रिकाम्या शंखांचा खच पडलेला असतो. निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे हे शंख, मोठ्यात मोठा पाच-सहा सेंटिमीटरचा. गोगलगाय मरते, पण पाण्यात चुन्याचं प्रमाण भरपूर असल्यानं तिचा शंख लवकर विरघळत नाही. थरावर थर साचत जातात. आजूबाजूला सपाट वाळू, खडकाचा आडोसा नाही. लपायचं तर शंखातच. तिथल्या काही सिक्लिड माशांनी त्यातच संसार थाटला, आणि मग त्यांचं सगळंच शंखाच्या मापानं ठरत गेलं.

याचा टोकाचा नमुना म्हणजे लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस. मादीला शंखात मावायचं असतं, म्हणून ती जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची. नराला तोच शंख तोंडात धरून आपल्या जागी ओढत न्यायचा असतो. तो वजनात तिच्या बारा पटींपर्यंत भरतो. शेजारच्या नराचा शंख, आत मादी असतानाही, खुशाल पळवला जातो. यातही एक गंमत आहे. काही नर जन्मजात बुटके असतात. ते मादीच्या अंगाला घासत शंखाच्या आतल्या टोकापर्यंत शिरतात आणि तिथून अंडी फलित करतात. बाहेर पहारा देणारा धिप्पाड नर काही करू शकत नाही, कारण त्याला आत शिरताच येत नाही.

घरी पाळायला मात्र 'मल्टी' बरा, म्हणजे निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. सिक्लिड म्हटलं की आपल्याला ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न आठवतो. हा त्याच कुळातला, पण नर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आणि मादी त्याहूनही लहान. अंगावर करड्या-तपकिरी पट्ट्या. भडक रंग हवे असतील त्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

दोन फुटी टाकीत त्यांची वसाहत सुखानं नांदते. तळाला दोन इंच बारीक वाळू आणि मासे असतील त्याच्या दुप्पट-तिप्पट शंख. भातखाचरातल्या मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख उकळून, आतला मळ काढून वापरता येतात. निमुळत्या पोकळीचे समुद्री शंख टाळावेत, मासा अडकतो. मांडणीवर फार वेळ घालवू नका. मल्टी तोंडानं वाळू उपसून शंखांभोवती खड्डे करतात आणि तुमची सजावट मोडीत काढतात. त्यांचा भाईबंद ऑसेलाटस तर शंख वाळूत पुरून फक्त तोंड उघडं ठेवतो.

पाणी जड हवं, पीएच आठ ते नऊ, तापमान २५ अंशांच्या आसपास. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी यासाठी फारच हलकं. उलट एरवी ज्याला आपण नावं ठेवतो ते बोअरचं पाणी इथे बरेचदा कामाला येतं, तपासून घेतलं म्हणजे झालं. पाणी हलकं असेल तर फिल्टरमध्ये चुनखडीचे तुकडे किंवा शिंपल्यांचा चुरा घालावा. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नये. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पीएच चढा असला की माशांच्या घाणीतला अमोनिया जास्त विषारी ठरतो, तेव्हा नवी टाकी महिनाभर तरी मुरू द्यावी आणि खाणं बेतानं घालावं.

अंडी शंखाच्या आत, नजरेआड घातली जातात. एके दिवशी शंखाच्या तोंडाशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं हलताना दिसतात, तेव्हाच आपल्याला पत्ता लागतो. नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियावर ती वाढतात. आधीच्या विणीची भावंडं तिथेच राहतात, मोठी होतात, शेजारचा शंख धरतात. टाकीची चाळ होते. कटकटीही चाळीसारख्याच, कोणी कोणाच्या दारात वाळू टाकली यावरून. या वस्तीत दुसऱ्या जातीचे मासे सोडू नयेत असं माझं मत आहे. पिल्लं वाचत नाहीत आणि पाहण्यासारखं जे आहे तेही दिसत नाही.

वस्ती वाढली आणि कोणाला मासे द्यायचे झाले, तर जाळीचा उपयोग होत नाही. पाण्यात हात गेला की सगळे शंखात. शंखच उचलायचा आणि दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यावर तोंड खाली करून धरायचा. आतलं पाणी निथळलं की मासा घसरून खाली येतो. नाहीच आला तर आपटाआपटी करू नये, शंखासकट देऊन टाकावा.