चाक उचलण्याची विद्या : लेखांक नववा

दुसऱ्या गिअरची हकीकत या खेपेस सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु राहुरीच्या एका वाचकांचे पत्र असे मर्मावर बोट ठेवणारे आहे की तो बेत लांबणीवर टाकताना मला फारसा संकोच वाटत नाही. तीर्थरूपांनी उभी हयात लुनावर काढली, तिचे पुढचे चाक खड्ड्याखेरीज कधी जमिनीवरून सुटले नाही; मग दीडशे सीसीचे, म्हणजे तसे लहानच, इंजिन हा पराक्रम कसा करते, असा त्यांचा सवाल आहे.

१९७२ साली निघालेली आणि दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यामुळे नगरकरांना घरचीच वाटणारी ती पन्नास सीसीची लुना शक्तीने बेताची होती हे खरे. पण नुसत्या शक्तीचा हिशेब मांडू गेल्यास दीडशे सीसीची गाडीही नापासच होते. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरले, आणि त्यांचा गुरुत्वमध्य मागचे चाक जेथे टेकते तेथून जितका पुढे तितकाच जमिनीपासून वर मानला, तर पुढचे चाक सुटण्यास मागच्या चाकाने अदमासे २०० किलोचाच रेटा द्यावा लागतो. इंजिनाचा टॉर्क १५ न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरमध्ये तो चाकापर्यंत पोहोचेतो सुमारे तीसपट, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. म्हणजे रेटा निघाला जेमतेम १५० किलो. उरलेली तूट भरून काढतो तो क्लच. तो दाबून रेस चढवली म्हणजे क्रँक आणि मॅग्नेट यांच्या फिरत्या वजनात जो साठा होतो, तो क्लच झटक्याने सुटताच क्षणार्धात चाकावर रिता होतो. लुनाला हाताने दाबावयाचा क्लचच नव्हता. तिचा केंद्रोत्सारी क्लच रेस वाढेल तसा आपोआप आणि सौम्यपणे धरी, त्यामुळे तेथे साठवणीची मुभाच नव्हती. हँडल ओढून गाडी उचलू पाहणाऱ्या तरुणांनी हा हिशेब एकवार करून पाहावा. त्यांच्या दंडांवर माझा विश्वास आहे, पण तूट दंडांची नाही.

आता यातून निघणारी गोष्ट, जी मला क्लचहूनही मोलाची वाटते. चाक वर जाऊ लागले की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि लागणारा रेटा उत्तरोत्तर घटत जातो. तोलाच्या बिंदूपाशी तो शून्य होतो, आणि त्यापलीकडे स्वार पाठीवर पडतो. तेथून परत आणण्यास मागचा ब्रेक हा एकच भरवशाचा जामीन आहे, कारण मागचे चाक रोखताच पुढचे खाली येते. म्हणून चाक वीतभर उठत असतानाच उजवे पाऊल पेडलवर ठेवून, प्रत्येक उचल ब्रेकनेच उतरवण्याची सवय लावावी.

पत्राच्या शेवटी, चिरंजीव पहाटे नगर-मनमाड रस्त्यावर सराव करतात, असे ओझरते लिहिले आहे. हे तत्काळ बंद व्हावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार पहिल्याच गुन्ह्यास १,००० ते ५,००० रुपये दंड अथवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही, हा भाग वेगळाच. हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर काही ब्रेक मारून थांबत नाहीत. जागामालकाची परवानगी घेतलेले बंदिस्त पटांगण, हेल्मेट, हातमोजे आणि जवळ एक जाणता माणूस, एवढे जमेल तरच क्लचला हात लावावा.

दुसरा गिअर पुढील आठवड्यास. तोवर मागचे ब्रेकपॅड मात्र तपासून घ्यावेत.