पाळकाचा मंगळवार

मी नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण मंडळीचा पाळक आहे. रविवारी सकाळी मी काय करतो ते सगळ्यांना दिसतं. उपासना, उपदेश, महिन्यातून एकदा प्रभूभोजन. पण देवाचे उपकार मानणं आणि देवाचं भय धरणं या दोन गोष्टींची खरी परीक्षा उरलेल्या सहा दिवसांत होते, माझीही आणि मंडळीचीही. म्हणून इथे एका मंगळवारची हकीकत सांगतो. ज्वारीच्या काढणीचे दिवस आहेत.

पहाटे 5

घर निजलेलं असतं. आंघोळ करून सतरंजीवर बसतो. प्रार्थनेची सुरुवात मागण्याने करायची नाही, हे आईने लहानपणीच शिकवलं. आधी कालच्या दिवसाचे उपकार मानायचे, आणि तेही मोघम नाही, एकेका गोष्टीचं नाव घेऊन. विहिरीला अजून पाणी आहे. धाकटीचा ताप उतरला. कब्रस्तानाच्या वाटेवर मुरूम पडला, आणि तो टाकून देणारा माणूस आमच्या मंडळीतला नव्हता. नाव घेतलं की कोणाकोणाचं देणं आपल्यावर आहे ते कळतं.

मग वाचन. सध्या लेवीय चाललं आहे. यज्ञांचे आणि शुद्धतेचे नियम आले की पुष्कळजण हे पुस्तक मिटून ठेवतात. आज एकोणिसावा अध्याय होता. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा तिथे आहे, आणि तिला जोडूनच देवाचं भय धरायला सांगितलं आहे. पुढे म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभं राहण्याची आज्ञा येते, तिथेही पुन्हा देवाचं भय. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. वाटेत दगड कोणी ठेवला ते आंधळ्याला दिसत नाही. दोघेही तक्रार घेऊन कोणाकडे जाऊ शकत नाहीत. म्हणजे जिथे आपल्याला जाब विचारणारं कोणी नाही, नेमकं तिथेच देवाचं भय मागितलं आहे. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडाव्यात आणि वजन-माप खरं ठेवावं, हेही याच अध्यायात येतं. आजचा दिवस हाच अध्याय मनात धरून घालवायचा ठरवलं.

सकाळी 6.30

चहाआधी घरची प्रार्थना. मुलांनी प्रत्येकी एक उपकार सांगायचा, असा आमच्या घरचा नेम आहे. मोठ्याची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. त्याने गणिताच्या बाईंचं नाव घेतलं, त्या शाळा सुटल्यावर थांबून शिकवतात म्हणून. बायकोने म्हटलं, "प्रार्थनेत नाव घेतलंस ते बरं केलंस. आज शाळेत बाईंनाही सांग." देवापुढे मानलेला उपकार माणसापर्यंत पोचला नाही तर तो अर्धाच राहतो, हे ती मला नेहमी ऐकवते. बरोबर ऐकवते.

सकाळी 8

मोटारसायकल काढून वस्तीवर गेलो. आमच्या मंडळीच्या पंचायतीचे एक वडील तिथे राहतात. त्यांच्या रानात मालदांडी ज्वारीची काढणी चालली होती. बाया कणसं खुडत होत्या, एकीकडे कडब्याच्या पेंढ्या बांधून होत होत्या. बांधाकडची दोन तासं मात्र तशीच उभी होती. मी विचारलं, तर म्हणाले, "सरवा वेचणाऱ्यांची आहेत, पाळकसाहेब."

आता सरवा वेचायला फार कोणी येत नाही. रेशनचं धान्य मिळतं, मजुरीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. तरी पलीकडच्या पालावरच्या दोन-तीन बाया येतात. त्यांच्यासाठी नुसती गळालेली कणसं न ठेवता उभी तासं ठेवायची, असा या माणसाचा शिरस्ता आहे. कारण विचारलं की ते आजीची गोष्ट सांगतात. आजी दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायची. बांधावर कोणी हाकललं तर रिकामी पाटी घेऊन परत यायची.

आमच्यातल्या बऱ्याच घरांची गोष्ट हीच आहे. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढच्या काळात गावकुसाबाहेरच्या वाड्या-वस्त्यांतून अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. पाटी-पेन्सिल, दवाखाना आणि स्वतःच्या हातात धरायचं बायबल त्यांना मिळालं. आज त्यांच्या नातवंडांपैकी कोणी शिक्षक आहे, कोणी नर्स, कोणी जमिनीचा मालक.

रूथची कथा आम्ही कापणीच्या सणाला वाचतो. ती मवाबी, परक्या मुलखातली विधवा, बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते, आणि बवाज मजुरांना सांगतो की पेंढ्यांतली कणसं तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली आणणाऱ्याला एक अट आहे. टोपली ठेवताना त्याने आपल्या पूर्वजांच्या भटकंतीची आणि गुलामीची कहाणी मोठ्याने सांगायची, आणि मग गावातल्या परक्या माणसाला बरोबर घेऊन आनंद करायचा. आपण कुठून आलो हे जो विसरला त्याला उपकार मानता येत नाहीत. या वडिलांना ते विसरायला झालेलं नाही. त्यांच्या रानात उभं राहून मी प्रार्थना केली, मजुरांसाठीही केली, आणि निघालो.

सकाळी 10.30

मिशन शाळेचे जुने गुरुजी अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना घरी प्रभूभोजन द्यायचं होतं. गुरुजींना आता अजिबात ऐकू येत नाही. घरात पाऊल टाकलं तर त्यांच्या उशाशीच चर्चा चालली होती. औषधांचा खर्च, रात्रीचं जागरण, हे आणखी किती दिवस चालायचं. बोलणारी माणसं वाईट नाहीत. थकलेली आहेत. पण बोलणं त्यांच्यासमोर चाललं होतं, त्यांना ऐकू येत नाही एवढ्याच भरवशावर.

पहाटेचा अध्याय आठवला. मुलाला बाहेर अंगणात नेलं आणि हळू आवाजात म्हटलं, "भाऊ, तुमचा त्रास मला दिसतो. रात्रपाळीसाठी मंडळीतली दोन तरुण मुलं आळीपाळीने पाठवतो. पण गुरुजींसमोर हे बोलू नका. त्यांना ऐकू येत नसलं तरी देवाला येतं." त्याने मान खाली घातली, आणि मग बऱ्याच दिवसांचं साचलेलं सगळं बोलून टाकलं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आत येऊन मी गुरुजींच्या पायांशी उभा राहिलो. बसून प्रार्थना सांगता आली असती, पण म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहावं. भाकर आणि द्राक्षरस मांडला. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली, ओठ त्यांना दिसतील असा चेहरा धरून. गुरुजींचे ओठ माझ्यामागोमाग हलत होते. आमचं "आमेन" होऊन गेल्यावर थोड्या वेळाने त्यांचं आलं, खणखणीत. निघताना त्यांनी माझा हात धरून पाटीवर लिहिलं, "शाळेचं छप्पर झालं का?" छप्पर अजून व्हायचं आहे. मी तसंच लिहिलं.

दुपारी 2

जेवण झाल्यावर खजिनदार आले. रविवारच्या दानार्पणाची मोजणी उपासनेनंतर लगेच होते, दोघांच्या समोर, आणि वहीवर दोघांच्या सह्या होतात. मंगळवारी ती रक्कम बँकेत भरायची आणि पावती चिकटवायची. काहींना हे काम पाळकाच्या पदाला कमी वाटतं. मला ते उपासनेइतकंच पवित्र वाटतं.

हा पैसा कोणाचा आहे ते मला ठाऊक आहे. त्यात कांदे काढायला गेलेल्या बाईच्या मजुरीतले दहा रुपये आहेत. आमच्या काही घरांत बाया दळणातली मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकतात आणि महिनाअखेरीस आणून देतात. कापणीच्या सणाला कोणी भोपळा आणतं, कोणी अंडी, कोणी कोंबडी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एखादा माणूस चढी बोली लावून कोंबडी घेतो आणि पुन्हा लिलावालाच देतो, असं दोन-तीनदा होतं. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. त्या आनंदाचा हिशोब चोख राहिला पाहिजे. ज्या बाईने मूठ मूठ ज्वारी साठवली ती वही तपासायला कधीच येणार नाही. म्हणूनच वही खरी पाहिजे.

दुपारी 4

आशाताईंचा फोन आला होता. मंडळीतल्या एका तरुण गवंड्याने क्षयरोगाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. त्याला कोणीतरी सांगितलं की प्रभूने बरं केलं आहे, आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास.

त्याच्या घरी गेलो. आधी त्याच्याबरोबर देवाचे उपकार मानले, कारण बरं वाटणं हा उपकारच आहे. मग लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी त्याला सांगितले. प्रभूने त्या दहाही जणांना याजकांकडे पाठवलं. रोग गेला की नाही हे तपासून सांगण्याचं काम त्या काळी याजकांचं होतं. प्रभूने तपासणी टाळली नाही. त्यांच्यातला एकजण उपकार मानायला परत आला, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे ज्याला लोक परका समजत असा. "तुझ्या आजाराची तपासणी करणारे लोक आरोग्य केंद्रात आहेत," मी म्हटलं, "आणि गोळ्या सरकार फुकट देतं. हाही देवाचाच उपकार. तो अर्ध्यावर टाकू नकोस." साध्या क्षयालाही सहा महिन्यांचा कोर्स असतो. मध्येच सोडला तर जंतू औषधाला जुमानेनासे होतात आणि घरातल्या लेकरांना धोका वाढतो. तो ऐकून घेत होता, पण उठला त्याच्या बायकोने "चला" म्हटल्यावर. आम्ही तिघेही केंद्रात गेलो. आशाताईंनी न रागावता त्याचं कार्ड पुढे ओढलं.

संध्याकाळी 6

घंटा झाली. देवळाच्या दाराशी चपला काढून मुलं-मुली आत आली. मंगळवारी गायनाचा सराव असतो. पेटी, तबला, टाळ.

नारायण वामन टिळकांची भजनं शिकवताना मी मुलांना टिळकांविषयी थोडं सांगतो. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा, नगरला पुष्कळ वर्षांचं वास्तव्य, 1919 साली निधन. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. देवाचे उपकार मानायला त्यांनी आमच्या हातात अभंगाची चाल आणि टाळ दिला, म्हणून आमच्या आज्यांना अक्षर येत नसतानाही गीतं पाठ होती. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आज एका मुलीने विचारलं, "त्यांना लिहायला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "कोणीच नाही. हाती आलेलं काम त्यांनी पुढे नेलं." पुढच्या गीतात ती मुलगी अधिक मोकळ्या आवाजात गायली.

रात्री 8

शेवटची भेट सर्वांत अवघड. एका ताईंचा तरुण मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्याला फार दिवस झालेले नाहीत. भेटायला येणारे त्यांना सांगून गेले होते की प्रत्येक गोष्टीत उपकार मानले पाहिजेत.

ताईंनी विचारलं, "पाळकसाहेब, रविवारी आभाराच्या गीताला मी उभी राहिले नाही. माझं चुकलं का?"

"नाही, ताई. तुमच्या वतीने मंडळी उभी होती."

मी त्यांना स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवलं. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत आक्रोशच आहे. त्यात आभाराचं वळण येतच नाही, अंधारातच ते संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाने ते बाहेर टाकलेलं नाही. दुःखी माणसाकडून आभार वसूल करणं हा देवाचाही अनादर आहे आणि त्या माणसाचाही. देवाचं भय असेल तर अशा घरात जीभ आवरता आली पाहिजे. मी बराच वेळ नुसता बसलो. निघताना ताईंनी विचारलं, "उद्या येता?" येतो म्हटलं.

रात्री 10

वहीत नावं लिहितो. गुरुजींकडे रात्री जाणारी मुलं, गवंड्याच्या पुढच्या गोळ्यांची तारीख, शाळेचं छप्पर, ताई. उद्या पहाटे ही नावं आधी उपकारांत येतील, मग मागण्यांत.

तुम्ही ख्रिस्ती असाल, नसाल, एक विनंती करतो. ज्याला परतफेड करता येणार नाही अशा एका माणसासाठी या आठवड्यात काही करा. आणि ज्याला तक्रार करता येणार नाही अशा एका माणसाशी आपण कसं वागतो, ते नीट पाहा. पहिल्यावरून तुमची कृतज्ञता कळेल, दुसऱ्यावरून देवाचं भय. रविवारची प्रार्थना त्यानंतर म्हणा. ती खरी होईल.